हिरव्या पाटीवरचा तीन

ज्या शेडमध्ये सुलाबाईने उभं आयुष्य द्राक्षाचे घड कात्रीने साफ करण्यात घालवलं, त्याच शेडमध्ये तिची लेक आता कॉम्प्युटर दुरुस्त करायला यायची, आणि ती आली की मालक सावळीराम अण्णा स्वतः खुर्ची पुढे सरकवायचे. द्राक्षं निवडून, पेट्यांत भरून परदेशी धाडणाऱ्या पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसवाल्यांमध्ये तेजलचा असा मान होता आणि तो कुणी तिला आंदण दिलेला नव्हता. आईच्या मजुरीवर पॉलिटेक्निक केलं, नाशिकला गंगापूर रोडच्या एका दुकानात चार वर्षं लोकांचे धुळकट कॉम्प्युटर उघडले, मग स्वतःचं काम सुरू केलं आणि इंदिरानगरला दोन खोल्या घेऊन राहू लागली. सुलाबाई मात्र पिंपळगाव सोडायला तयार झाली नाही. हंगामात ती बायांची मुकादम असायची, आणि मुकादमकी सोडून लेकीच्या घरी टीव्ही बघत बसणं तिला अपमानाचं वाटे.

तेजल हट्टी होती. बिघाड सापडेपर्यंत जेवणाचा डबा उघडायची नाही. कुणी म्हणालं की बाई, यंत्राशी एवढं काय डोकं लावायचं, तर तिचं उत्तर ठरलेलं असे. माणसं लपवतात, यंत्र लपवत नाही, नीट विचारलं की सांगतं. हे ती इतक्या खात्रीने म्हणायची की ऐकणाऱ्याला ते पटायचं. तिलाही ते पटलेलं होतं, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

द्राक्ष वेलीवरून उतरलं की त्याला लगेच गार करावं लागतं, नाहीतर परदेशी पोहोचेपर्यंत देठ वाळतो आणि माल परत येतो. त्यासाठी पॅकहाउसला जी मोठी थंड खोली असते तिला सगळे प्रीकूलिंग म्हणतात. अण्णांच्या प्रीकूलिंगमध्ये छताखालून अमोनियाचे पाइप गेलेले होते. अमोनिया पाइपात आहे तोवर निमूट काम करतो. बाहेर पडला की डोळे, घसा, छाती, काही सोडत नाही. त्यातल्या त्यात बरं एवढंच की त्याचा वास आधी येतो आणि माणूस पळू शकतो.

सुलाबाईला तो वास येत नव्हता. कोरोनात तिचं नाक गेलं ते परत आलंच नाही. चुलीवर दूध करपून कोळसा झालं तरी तिला शेजारणीने हाक मारून सांगावं लागे. ती स्वतः त्यावर हसायची, पण तेजलला हसू येत नसे. आई दिवसातून कितीदा तरी त्या थंड खोलीत एकटी जायची, कारण पेटीतल्या द्राक्षात थर्मामीटरची सुई खुपसून ते किती गार झालं हे बघायचं काम मुकादमाचं होतं.

म्हणून तेजलने अण्णांच्या मागे लागून खोलीत गॅस मोजणारी यंत्रं बसवली, त्यांच्या तारा ऑफिसातल्या कॉम्प्युटरला आणल्या आणि प्रीकूलिंगच्या दाराशेजारी एक पाटी लावली. पाटीवर हवेतल्या अमोनियाचा आकडा दिसायचा. कमी असला की हिरवा, वाढला की लाल, आणि लाल झाला की भोंगा. तोच आकडा तेजलच्या फोनवरही दिसायचा. सुलाबाईला अक्षरं जेमतेम येत, पण आकडे चोख. दाराला हात लावण्याआधी ती पाटीकडे बघायची, आणि नव्या बायांनाही सांगायची, "माझ्या तेजूचा आकडा बघितल्याबिगर आत पाय ठेवायचा नाय."

अमोनियाचा प्लांट सांभाळणारे मल्हारीमामा आधी गंधकाची कांडी पेटवून पाइपाच्या जोडांपाशी फिरवायचे. अमोनिया झिरपत असेल तर कांडीचा धूर पांढराफटक होतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी ही फेरी चुकायची नाही. पाटी आली आणि कांडी फळीवर गेली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मामा पाटीला चिडवायचे, पण तेही हळूहळू तिच्याकडेच बघू लागले.

पहिल्या हंगामात पाटीने छळलंही फार. कुठलीशी तार ढिली होती, मधूनच यंत्राचं उत्तर यायचं नाही, आणि उत्तर आलं नाही की भोंगा वाजायचा. बाया टोप्या-हातमोज्यांसकट अंगणात पळायच्या, कंटेनरवाला शिव्या द्यायचा. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा अण्णा तेजलला म्हणाले, "तुझा भोंगा बोंबलला की माझा माल उन्हात उभा राहतो. काहीतरी कर, नाहीतर मी वायर काढून टाकतो." तेजलला वायर राहायला हवी होती. तिने आपल्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. यंत्राकडून उत्तर आलं नाही, तर शेवटचा आलेला आकडाच दाखवत राहा. तारा नीट बसवल्या की ही ओळ काढायची, असं तिने ठरवलं होतं. तारा नीट बसल्या. ओळ राहिली. आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टीइतकं काहीच टिकत नाही.

आता त्या कॉम्प्युटरबद्दल थोडं सांगायला हवं. एकाच घरात दोन बिऱ्हाडं असावीत तसा तो होता. मूळ घरमालक एक, तो गॅसचा आकडा, हिशोब, कॅमेरे सगळं बघायचा. त्याच्या पोटात दुसरा एक कॉम्प्युटर, खरा नव्हे, नुसता मांडलेला, ज्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. घडांची प्रतवारी करणाऱ्या मशीनचा प्रोग्रॅम विंडोजशिवाय चालत नसे, म्हणून हा भाडेकरू ठेवला होता. पट्ट्यावरून घड जाताना कॅमेरा फोटो काढी आणि मण्यांचा आकार, रंग हा भाडेकरू ठरवी. त्या हिशोबाला ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि ते तेजलने भाडेकरूच्या हवाली केलं होतं. ज्या खणात कार्ड बसवलं त्या खणाचा नंबर तिने लिहून दिला होता. विंडोज सुरू झालं की त्या नंबरच्या खणात जे असेल ते त्याचं, घरमालकाने त्याला हात लावायचा नाही.

दसऱ्याला तेजल आईला घेऊन नागपूरला गेली. दीक्षाभूमीला जायचं सुलाबाईच्या मनात कितीतरी वर्षं होतं. इकडे पॅकहाउसमध्ये खंडेनवमीची साफसफाई निघाली. खंडेनवमीला माणूस ज्या हत्यारावर पोट भरतो त्याची पूजा करतो, मग ती कात्री असो, ट्रॅक्टर असो की वजनकाटा. अण्णांचा पुतण्या हर्षल हौशी पोरगा. त्याने कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, ब्लोअरने धूळ उडवली, आतली कार्डं काढून मऊ फडक्याने पुसली, प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट लावलं आणि जिथे बसली तिथे परत बसवली. झेंडूची माळ घातलेल्या कॉम्प्युटरचा फोटो त्याने तेजलला पाठवला. नागपूरच्या गर्दीत उभ्या उभ्या तिने त्याला अंगठ्याचं चिन्ह पाठवून शाबासकी दिली.

हंगामाला अजून अवकाश होता. प्रतवारीचं मशीन बंद, विंडोज बंद. पाटीवरचा आकडा रोजच्यासारखा दोन-चारच्या आसपास खालीवर होत होता. कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

जानेवारीत पहिला तोडा आला त्या दिवशी सकाळी हर्षलचा फोन आला. "ताई, मशीन आंधळं झालंय. विंडोज सुरू केलं, पण कार्ड नाही म्हणतंय. कंटेनर दारात उभा हे."

तेजलने घरूनच लॅपटॉप लावला. विंडोजच्या यादीत ग्राफिक्स कार्डाचं नाव नव्हतं, पण एका अनोळखी वस्तूपुढे पिवळा त्रिकोण होता. ओळख विसरलेलं कार्ड, तिने मनाशी म्हटलं. हे तिने पूर्वी बघितलेलं होतं. तिने ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, काढला, पुन्हा घातला. जुना घालून बघितला. ड्रायव्हर दर वेळी तेच म्हणायचा, माझ्या ओळखीचं कार्ड इथे नाही. ती विंडोज आतल्या आतच रीस्टार्ट करत होती. पूर्ण बंद करून चालू करणं तिने मुद्दाम टाळलं. पूर्ण बंद केलं की हे कार्ड कधी कधी रुसायचं, मग अख्खा कॉम्प्युटर बंद करून त्याला उठवावं लागायचं, आणि तेवढा वेळ गॅसचा आकडाही बंद. आई आत-बाहेर करत असताना तिला ते नको होतं. आईची काळजी म्हणून तिने जे टाळलं, तेच त्या सकाळी केलं असतं तर बरं झालं असतं. पण हे आता सांगून काय उपयोग.

चहाच्या सुट्टीत सुलाबाईचा फोन आला. अण्णांनी काम थांबवलं नव्हतं. बाया जुन्या पद्धतीने हातानेच घड निवडत होत्या आणि पेट्या प्रीकूलिंगमध्ये चालल्या होत्या.

"तेजू, डोळे लय झोंबत्यात गं सकाळपासून," सुलाबाई म्हणाली. "पाणीच थांबंना."

पिंपळगावात डोळ्यांतून पाणी येणं ही काही बातमी नव्हे. शेजारच्या शेडमध्ये कांद्याच्या ट्रॉल्या खाली होत होत्या, फोनमध्ये हमालांचा आवाज ऐकू येत होता. तरी तेजलने फोनवर आकडा बघितला. हिरवा तीन.

"आई, आकडा तीन आहे. कांदाच असेल तो," ती म्हणाली. "डोळ्यांना पाणी लाव."

"मी बी तेच म्हनले," सुलाबाई म्हणाली आणि कामाला लागली.

तेजलने पुन्हा त्रिकोणात डोकं घातलं. मधे एकदा फोन उचलला तेव्हाही तीनच होता. तिला क्षणभर काहीतरी खटकलं. पेट्या आत जाताना दार सारखं उघडतं, तेव्हा आकडा एवढा शहाण्यासारखा एका जागी बसत नाही. पण इकडे हर्षल दर थोड्या वेळाने विचारत होता, ताई, झालं का. खटकलेली गोष्ट तशीच मागे पडली. शेवटी वैतागून तिने लॅपटॉप मिटला आणि स्कूटी काढली. घरी बसून हे सुटणार नाही, कार्डच ढिलं असेल, हाताने दाबून बघू, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता.

ओझरच्या पुढे महामार्गावर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. त्यातून वाट काढत ती पोहोचली तेव्हा अंगणात कंटेनर घुरघुरत उभा होता आणि ड्रायव्हर तोंडाला रुमाल बांधून लांब लिंबाखाली बसला होता. आत मल्हारीमामा प्लांटच्या दारात घुटमळत होते. तिला बघून ते म्हणाले, "पोरी, मला मघापासून वास येतोय. पाटी बघावी तर तीन. म्हातारपणी नाक बी फसवायला लागलं का काय." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. तेजलच्या नाकालाही काहीतरी टोचलं, पण कांद्याच्या सडक्या उग्र वासात ते वेगळं काढता येईना. "बघते मामा, आधी हे मशीन उठवते," असं म्हणून ती ऑफिसात गेली.

कॉम्प्युटरच्या माथ्यावर वाळलेली झेंडूची माळ अजून तशीच होती. तिने ती बाजूला केली, झाकण उघडलं आणि मोबाइलची बॅटरी आत मारली. ग्राफिक्स कार्ड तिथेच होतं, शाबूत, कपाळावर कुंकू लावून. फक्त ते खालच्या खणात होतं. वरच्या खणात, जिथे ते असायला हवं होतं, तिथे दुसरं एक लहानसं कार्ड बसलं होतं. त्यालाही कुंकू होतं. त्याच्या पाठीमागून प्रीकूलिंगच्या गॅसयंत्रांच्या तारा निघाल्या होत्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं एरवी ती हसत म्हणाली असती. घरमालक कार्ड कुठल्याही खणात असलं तरी ओळखतो, म्हणून इतके महिने गॅसचा आकडा बिनबोभाट चालला. भाडेकरूला मात्र तिने खणाचा नंबर दिला होता. आज पहाटे हर्षलने विंडोज सुरू केलं, त्याने आपल्या नंबरच्या खणात हात घातला आणि जे हाती लागलं ते घेऊन दार लावून घेतलं. सकाळपासून ती ज्या पिवळ्या त्रिकोणाला ग्राफिक्स कार्ड समजून गोंजारत होती, ते गॅसचं कार्ड होतं. पहाटेपासून गॅसयंत्रांचं बोलणं कुणीच ऐकत नव्हतं. आणि उत्तर आलं नाही की काय दाखवायचं, हे पाटीला तिनेच शिकवलं होतं.

"आई कुठंय?" तिने विचारलं.

हर्षल फोनवर बोलत होता. "मुकादमबाई? आत्ताच प्रीकूलिंगमध्ये गेल्या, टेंपरेचर घ्यायला."

तेजलने विंडोज पूर्ण बंद केलं. कार्ड घरमालकाकडे परत यायला काही क्षण गेले. पाटीवरचा हिरवा तीन तेवढा वेळ तसाच राहिला, मग त्याच्या जागी तीन आकडी लाल आकडा उमटला आणि भोंगा सुरू झाला. सकाळपासून तुंबलेलं सगळं तो एका दमात सांगत असल्यासारखा वाजत राहिला.

बाया आपण होऊन बाहेर पळाल्या. पहिल्या हंगामातली सवय अजून अंगात होती, म्हणून त्यांच्यापैकी कुणाला काही झालं नाही. तेजल उलट्या दिशेने धावली. मल्हारीमामांनी तिला दारातच धरलं आणि एवढ्या जोराने मागे ढकललं की ती पेट्यांवर पडली. त्यांनी मुख्य व्हॉल्व्ह फिरवला, ओलं पोतं तोंडाला गुंडाळलं आणि आत गेले. मागोमाग हर्षलही शर्ट भिजवून आत शिरला, हे त्याच्या नावे लिहून ठेवायला हवं. छताखालचा एक जोड सुटला होता. वर्षभर बंद राहून आज पहिल्यांदा पूर्ण दाबावर चाललेला पाइप सकाळपासून झिरपत होता आणि दुपारी तो फाटला. पूर्वीची कांडीची फेरी झाली असती तर तो जोड सकाळीच पांढरा धूर दाखवून गेला असता.

दोघांनी सुलाबाईला खांद्याखाली धरून बाहेर आणलं. थर्मामीटर अजून तिच्या मुठीत होता. तिचे डोळे मिटलेले होते आणि छातीतून घरघर येत होती. बायांनी तिच्यावर पाण्याच्या बादल्या ओतल्या, तेजल तिच्या डोळ्यांवर पाणी धरत राहिली, आणि अण्णांनी कंटेनर हटवून आपली गाडी काढली.

नाशिकच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी सुलाबाईच्या नाकावरची नळी थोडा वेळ काढली. डोळ्यांवर पट्ट्या होत्या. डॉक्टर म्हणत होते, छाती सावरेल, डोळ्यांचं आत्ता सांगता येणार नाही. हर्षल रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसायचा. खणाने एवढा फरक पडतो हे मला ठाऊक नव्हतं ताई, असं त्याने अनेकदा सांगून झालं होतं. तेजल त्याला एका शब्दानेही रागावली नाही. त्याची चूक त्याला कळली होती. तिची चूक अजून कुणालाच कळली नव्हती, कारण ती ओळ तिच्याशिवाय कुणी वाचलेलीच नव्हती. आदल्या संध्याकाळी, दवाखान्याच्या जिन्यात बसून, तिने ती काढून टाकली होती.

"तेजू?"

"मी इथंच आहे, आई."

सुलाबाईने हात चाचपत तिचं मनगट शोधलं. आवाज घोगरा झाला होता, एकेक शब्द ती थांबून थांबून काढत होती. "मी बघूनच गेले होते गं आत. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, तरी पाटीपाशी जाऊन बघितलं. तीन होता. मल्हारी म्हनला, थांब सुले, मला वास येतोय. मी म्हनले, तुझ्या नाकाचं काय घेऊन बसला, माझ्या लेकीचा आकडा हाय तो."

तेजलने कपाळ पलंगाच्या कडेवर टेकवलं. आईला वाटलं, पोरगी रडतेय. तिने मनगटावरून हात फिरवला, जशी लहानपणी फिरवायची.

"आता बाया आत जात असतील," सुलाबाई थोड्या वेळाने म्हणाली. "आता किती हाय आकडा? बघ की फोनवर."

तेजलने फोन उघडला. पिंपळगावच्या खोलीत पाइपाची दुरुस्ती करताना सोडवलेल्या तारा अजून जोडलेल्या नव्हत्या, यंत्रांकडून उत्तर येत नव्हतं, आणि हिरव्या आकड्याच्या जागी आता दोन आडव्या रेघा होत्या.

"माहीत नाही, आई," ती म्हणाली.

सुलाबाईचा फिरणारा हात थांबला. आकड्याबद्दल असं उत्तर तिने लेकीकडून कधी ऐकलं नव्हतं. तिने तोंड भिंतीकडे वळवलं आणि नर्सने येऊन नळी पुन्हा लावली.